शब्द आणि संस्था : व्हिएतनामी भाषकांचे इंग्रजी राजकीय शब्दसंपादन

प्रस्तावना :

परकीय भाषा शिकताना बाजार, प्रवास, घर, जेवण यांचे शब्द तुलनेने लवकर अंगवळणी पडतात. शब्दामागील वस्तू डोळ्यांसमोर असते आणि ती बहुतेक देशांत सारखीच असते. शासन व राजकारण या क्षेत्रातील शब्दांची स्थिती वेगळी आहे. या शब्दांमागे वस्तू नसून संस्था असते आणि संस्था प्रत्येक देशाच्या इतिहासातून घडलेली असते. म्हणून कोशातील प्रतिशब्द पाठ झाला तरी अर्थ हाती लागलाच, असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी व्हिएतनामी भाषकांचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. इंग्रजी राजकीय शब्दसंग्रहाची गरज असणारे व्हिएतनामी भाषक प्रामुख्याने दोन गटांत विभागता येतात. पहिला गट व्हिएतनाममधील विद्यार्थी, अनुवादक व अधिकारी यांचा आहे. १९८६ च्या 'दोइ मोइ' या आर्थिक पुनर्रचनेनंतर तेथे इंग्रजीचे महत्त्व वाढत गेले. व्हिएतनाम १९९५ मध्ये आसियान संघटनेचा सदस्य झाला. २००८ मध्ये अमलात आलेल्या या संघटनेच्या सनदेनुसार तिची कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. दुसरा गट १९७५ नंतर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आदी देशांत स्थायिक झालेल्यांचा आहे. या गटाच्या दृष्टीने हे शब्द नागरिकत्व व मतदान यांच्याशी थेट निगडित आहेत.

प्रस्तुत लेखात ध्वनी, शब्दरचना, अर्थ व इतिहास या चार अंगांनी या शब्दसंपादनातील अडचणींची चर्चा केली असून अखेरीस अध्यापनाच्या काही दिशा सुचविल्या आहेत. व्हिएतनामी शब्दांचे देवनागरी लेखन हनोईच्या उच्चाराला जवळचे ठेवले आहे. तानभेद दाखविणे देवनागरीत शक्य नसल्याने ते लेखन स्थूल मानावे.

१. व्हिएतनामी राजकीय शब्दसंग्रहाची घडण :

व्हिएतनामी ही ऑस्ट्रोएशियाटिक कुलातील तानयुक्त भाषा आहे. आज ती रोमन लिपीत लिहिली जाते. मात्र तिचा शासनविषयक शब्दसंग्रह मुख्यतः चिनी मूळाच्या घटकांतून सिद्ध झालेला आहे. मराठीत पारिभाषिक शब्द घडविताना संस्कृतचा जसा आधार घेतला जातो, तसाच हा प्रकार होय. 'झान चू' म्हणजे लोकशाही. त्यातील 'झान' म्हणजे लोक आणि 'चू' म्हणजे धनी. 'क्वोक होइ' म्हणजे राष्ट्रीय सभा. 'क्वोक' म्हणजे राष्ट्र, 'होइ' म्हणजे सभा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चीन व जपानमधील सुधारणावादी लेखन व्हिएतनामी विद्वानांपर्यंत पोहोचले आणि त्याबरोबर पाश्चात्त्य राजकीय कल्पनांचे असे अनेक प्रतिशब्द रूढ झाले. १९०५ मध्ये फान बोइ चाउ यांनी जपानला केलेले प्रयाण आणि १९०७ मध्ये हनोईत सुरू झालेली 'दोंग किञ् ङिया थुक' ही शाळा या प्रवाहाची ठळक उदाहरणे आहेत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकशाही, संविधान, प्रजासत्ताक या कल्पना व्हिएतनामी विद्यार्थ्याला अपरिचित नसतात. २ सप्टेंबर १९४५ रोजी हो चि मिन्ह यांनी वाचलेल्या स्वातंत्र्यघोषणेचा आरंभच अमेरिकेच्या १७७६ च्या घोषणेच्या उल्लेखाने झाला होता. 'स्वातंत्र्य, मुक्तता, सुख' हे त्रिपद आजही व्हिएतनामच्या शासकीय कागदपत्रांच्या शिरोभागी असते. अडचण कल्पनेच्या अभावाची नसून, परिचित कल्पनेची सीमारेषा वेगळ्या ठिकाणी आखलेली असल्याची आहे.

२. ध्वनी व शब्दान्त :

व्हिएतनामी भाषेत शब्दाच्या अखेरीस जोडव्यंजन येत नाही. 'स', 'झ', 'ल' हे ध्वनीही शब्दान्ती येत नाहीत, तर 'प', 'त', 'क' हे शब्दान्ती आले तरी ते न सोडता, दाबून उच्चारले जातात. इंग्रजीत मात्र वचन व काळ यांचा भार बहुधा याच जागी असतो. परिणामी 'लॉ' व 'लॉज', 'व्होट' व 'व्होट्स' यांतील भेद बोलताना लोपतो. 'हाउस' हा शब्द 'हाउ' असा ऐकू येतो.

हा केवळ उच्चारशुद्धीचा प्रश्न नाही. 'राइट्स' म्हणजे हक्क. त्यातील अन्त्य ध्वनी गळाला आणि मागे 'द' हे उपपद आले, तर ऐकणाऱ्याला उजव्या विचारसरणीचा पक्ष अभिप्रेत आहे असे वाटू शकते. 'पास' व 'पास्ट' यांतील भेद नाहीसा झाला, तर विधेयक संमत होते की झाले आहे हे कळत नाही. राजकीय विषयावरील बोलण्यात असे अंतर लहान राहत नाही.

आघाताचा प्रश्नही असाच आहे. व्हिएतनामीत प्रत्येक अक्षराला स्वतःची तान असते आणि ती शब्दाबरोबर कायम राहते. इंग्रजीत मात्र 'पॉलिटिक्स' मध्ये पहिल्या, 'पोलिटिकल' मध्ये दुसऱ्या आणि 'पॉलिटिशियन' मध्ये तिसऱ्या अक्षरावर आघात पडतो. 'डेमोक्रॅट', 'डेमॉक्रसी', 'डेमोक्रॅटिक' या मालिकेतही तो असाच सरकतो. एकाच मूळाचे हे शब्द कानाला परस्परांशी असंबद्ध वाटतात.

३. शब्दकुले व पदक्रम :

व्हिएतनामी शब्द विकार पावत नाही. 'चिञ् ची' हा एकच शब्द 'राजकारण' व 'राजकीय' या दोन्ही अर्थांनी येतो. त्याचे कार्य स्थानावरून ठरते. विद्यार्थ्याला इंग्रजीत एका कल्पनेसाठी तीनचार रूपे लक्षात ठेवावी लागतात. त्यातच 'पॉलिटिक्स' हे रूप अनेकवचनासारखे दिसूनही सामान्यतः एकवचनी क्रियापद घेते. 'पॉलिसी' हा शब्द रूपाने याच कुलातील असला, तरी व्हिएतनामीत त्यासाठी 'चिञ् साच' असा वेगळा शब्द आहे.

पदक्रमाची अडचण संस्थांच्या नावांत ठळकपणे दिसते. व्हिएतनामीत सामान्यतः विशेष्य आधी व विशेषण नंतर येते. सर्वोच्च न्यायालयाचे नाव 'तोआ आन न्यान झान तोइ काओ' असे आहे. त्याचा शब्दशः क्रम 'न्यायालय – लोक – सर्वोच्च' असा होतो. इंग्रजीत तो पूर्णपणे उलटवून 'सुप्रीम पीपल्स कोर्ट' असा करावा लागतो. मात्र चिनी घटकांच्या जुन्या समासांत, उदाहरणार्थ 'क्वोक होइ' मध्ये, विशेषण आधीच असते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतच दोन क्रम नांदतात. या दुसऱ्या क्रमाकडे लक्ष वेधल्यास इंग्रजी रचना त्याला तितकी परकी वाटत नाही.

४. अर्थाच्या सीमारेषा :

सर्वांत सूक्ष्म अडचणी या स्तरावर आहेत. काही प्रमुख उदाहरणे पुढीलप्रमाणे :

(अ) प्रेसिडेंट – व्हिएतनामचे राष्ट्रप्रमुख 'चू तिच नुओक' होत, तर अमेरिकेचे 'तोंग थोंग'. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे. उलट 'चू तिच' हा शब्द राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षालाही लागतो; तेव्हा त्याचे इंग्रजी 'चेअरमन' असे होते. भारताचे 'राष्ट्रपती' व अमेरिकेचे 'अध्यक्ष' असा भेद करणाऱ्या मराठी भाषकाला ही स्थिती सहज समजू शकेल.

(आ) सेक्रेटरी – कार्यालयातील लिपिक-सहायक 'थू की', पक्षाचा सचिव 'बी थू', तर अमेरिकेचे 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' हे परराष्ट्रमंत्री. पक्षाचे महासचिव हे पद राजकीयदृष्ट्या सर्वोच्च असलेल्या देशातील विद्यार्थ्याला हा एकच शब्द टंकलेखनाच्या मेजापासून सत्तेच्या शिखरापर्यंत पसरलेला दिसतो.

(इ) गव्हर्न्मेंट – 'चिञ् फू' हा त्याचा रूढ प्रतिशब्द. परंतु २०१३ च्या संविधानानुसार 'चिञ् फू' म्हणजे केवळ कार्यकारी अंग होय. राज्यसत्तेचे सर्वोच्च अंग राष्ट्रीय सभा आहे. अमेरिकी इंग्रजीत मात्र विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायसंस्था या तिन्ही शाखा मिळून 'गव्हर्न्मेंट' होते. 'न्यायालय ही गव्हर्न्मेंटची शाखा आहे' हे विधान 'चिञ् फू' च्या अर्थाने वाचणाऱ्यास चुकीचेच वाटते.

(ई) राइट, पॉवर, ऑथॉरिटी – 'क्वियेन' हा घटक हक्क व सत्ता या दोन्ही अर्थांना सामावून घेतो. 'न्यान क्वियेन' म्हणजे मानवी हक्क, 'क्वियेन लुक' म्हणजे सत्ता, 'क्वियेन हान' म्हणजे अधिकारकक्षा. नागरिकाकडे असतो तो हक्क आणि शासनाकडे असते ती सत्ता, हा इंग्रजीतील भेद विद्यार्थ्याने जाणीवपूर्वक आत्मसात करावा लागतो. मराठीतील 'अधिकार' या शब्दाची व्याप्तीही अशीच दुहेरी आहे.

(उ) रूल ऑफ लॉ – 'ऑफ' ऐवजी 'बाय' आले की 'कायद्याचे राज्य' जाऊन 'कायद्याच्या साधनाने राज्य' उरते. राजकीय विचारातील एक मोठा वाद इंग्रजीत एका शब्दयोगी पदावर तोललेला आहे. व्हिएतनामीत हा भेद 'फाप क्वियेन' व 'फाप ची' अशा स्वतंत्र शब्दांनी व्यक्त होतो. म्हणून लहान शब्दाकडे दुर्लक्ष करण्याची सवय येथे महागात पडते.

(ऊ) चेक्स अँड बॅलन्सेस – याचे 'आवर घालणे व प्रतिभार' अशा अर्थाचे व्हिएतनामी भाषांतर उपलब्ध आहे. परंतु व्हिएतनामच्या संविधानात राज्यसत्ता एकसंध मानली असून अंगांमध्ये कामाची विभागणी, समन्वय व नियंत्रण अपेक्षिले आहे. शब्द मिळाला तरी त्यामागील रचना वेगळी असल्याने तो उदाहरणांनीच शिकवावा लागतो.

५. एका इंग्रजी शब्दाचे दोन प्रतिशब्द :

१९७५ पूर्वी दक्षिण व्हिएतनाममध्ये रूढ असलेली परिभाषा परदेशस्थ व्हिएतनामी समाजाने मोठ्या प्रमाणात जतन केली. अमेरिकेचे 'व्हाइट हाउस' व्हिएतनाममध्ये 'न्या चांग', तर परदेशस्थांच्या जुन्या पिढीत 'बाच ओक'. 'पेंटागॉन' एकीकडे 'लाउ नाम गोक', तर दुसरीकडे 'ङू झाक दाइ'. अर्थ दोहोंचाही तोच. एक देशी शब्दांचा, दुसरा चिनी घटकांचा. हनोईत छापलेला कोश परदेशातील वयस्क विद्यार्थ्याच्या हाती दिल्यास त्याला इंग्रजीबरोबरच व्हिएतनामी शब्दही नवा वाटू शकतो. शिवाय त्या शब्दाच्या निवडीला राजकीय स्मृतींचा स्पर्श असतो, हेही शिक्षकाने विसरता कामा नये.

परिभाषा काळानुसारही बदलते. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनाममध्ये जिल्हास्तरीय प्रशासन रद्द होऊन प्रांत व त्याखालील कम्यून-प्रभाग अशी द्विस्तरीय रचना आली. प्रांतस्तरीय घटकांची संख्या ६३ वरून ३४ झाली. 'डिस्ट्रिक्ट पीपल्स कमिटी' असे वाक्प्रयोग असलेली पाठ्यपुस्तके त्यामुळे एका दिवसात इतिहासजमा झाली.

६. नागरिकत्वाची चाचणी :

या शब्दसंपादनाचे व्यावहारिक मोल अमेरिकेच्या नागरिकत्व चाचणीत प्रकर्षाने जाणवते. २००८ च्या आवृत्तीत १०० प्रश्नांच्या सूचीतून १० पर्यंत प्रश्न तोंडी विचारले जात व ६ अचूक उत्तरे आवश्यक असत. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी सूची १२८ प्रश्नांची असून २० पर्यंत प्रश्न विचारले जातात व १२ अचूक उत्तरे लागतात. वय व वास्तव्याचा कालावधी यांनुसार काही ज्येष्ठ अर्जदारांना इंग्रजीतून सूट मिळते; इतरांना उत्तरे इंग्रजीतच द्यावी लागतात.

येथे पाठांतर काही अंतरापर्यंतच साथ देते. अधिकाऱ्याने प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला किंवा अर्जातील एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, की समजुतीचा कस लागतो. 'सुप्रीम लॉ ऑफ द लँड' या पदबंधातील 'लँड' म्हणजे शेतजमीन नव्हे, देश होय. व्हिएतनामीत देशासाठी 'दात नुओक' हा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'माती-पाणी' असा होतो. ही जोडणी दाखवून दिल्यास तो पदबंध पुन्हा विसरला जाण्याची शक्यता कमी होते.

नागरिकत्वानंतर मतपत्रिका समोर येते. १९७५ च्या दुरुस्तीने मतदान हक्क कायद्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी तरतूद झाली. त्यामुळे कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीसारख्या ठिकाणी व्हिएतनामी भाषेत मतदानसाहित्य मिळते. मात्र प्रचारसभा, वादविवाद व वृत्तपत्रे यांतील बरीच चर्चा इंग्रजीतच होत असते. तेथे उमेदवार पदासाठी 'धावतो', जागा 'जिंकतो', विधेयक 'मारले' जाते. ही रूपके कोशात शोधून सापडत नाहीत.

७. अध्यापनाच्या दिशा :

वरील विवेचनावरून पुढील सूचना करता येतात. पहिली, प्रतिशब्दांच्या यादीऐवजी संस्थेचा आराखडा शिकवावा. दोन देशांचे आराखडे शेजारी ठेवून कोणते पद कोठे बसते, हे विद्यार्थ्याने स्वतः भरावे. दुसरी, शब्द एकेकटा न देता कुलासह व आघातासह द्यावा. तिसरी, शब्दान्त ध्वनींचा सराव निरर्थक शब्दांवर न घेता 'राइट–राइट्स', 'पास–पास्ट' अशा अर्थभेदक जोड्यांवर घ्यावा. चौथी, चिनी मूळाच्या घटकांचे विद्यार्थ्याला असलेले ज्ञान वापरावे. ग्रीक 'डेमोस' आणि व्हिएतनामी 'झान' यांचे काम सारखेच आहे, हे उमगले की लांब इंग्रजी शब्द फोडून पाहण्याची दृष्टी येते. पाचवी, प्रौढ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या व्हिएतनामी परिभाषेचा मान राखावा.

समारोप :

व्हिएतनामी भाषकांच्या उदाहरणावरून असे दिसून येते की, राजकीय शब्दसंपादन हे भाषेचे शिक्षण आहे तितकेच नागरिकशास्त्राचेही आहे. अन्त्य व्यंजनापासून सत्तेच्या विभागणीपर्यंत त्याची व्याप्ती आहे. यांतील कोणताही एक दुवा निखळला, तरी विद्यार्थी शब्द उच्चारू शकेल, पण त्या शब्दाने मिळणारा हक्क बजावू शकेलच असे नाही. भाषा विभाग व राज्यशास्त्र विभाग यांनी असे अभ्यासक्रम एकत्रितपणे आखणे म्हणूनच आवश्यक ठरते.