मक्तेदारी मोजण्याचे माप

गोदामांतील धान्यास कीड लागू नये म्हणून वापरावयाच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी भारतीय अन्न महामंडळाने २००९ साली निविदा मागविल्या. तीन कंपन्यांनी दर भरले आणि तिन्ही लखोट्यांत आकडा एकच निघाला : किलोला ३८८ रुपये! कारखाने निराळे, खर्च निराळे, दर मात्र एकच. स्पर्धा आयोगाने यास योगायोग मानण्याचे नाकारले, हे योग्यच झाले. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वये प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने दर ठरविले किंवा निविदा भरल्या, की स्पर्धेस बाध आला असे गृहीतच धरले जाते. तसे झाले नाही हे सिद्ध करण्याचा भार कंपन्यांवर असतो.

आयोगाने २०१२ मध्ये एकूण उलाढालीच्या नऊ टक्के दंड केला. सर्वांत मोठ्या कंपनीच्या वाट्यास सुमारे २५२ कोटी आले. अपील न्यायाधिकरणाने केवळ त्या गोळ्यांची उलाढाल धरली, आणि तोच दंड सात कोटींच्या आत आला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच माप उचलून धरले. २०२३ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा जगभरच्या उलाढालीशी जोडली खरी. तथापि आकारणीचा आरंभ आजही संबंधित मालापासूनच होतो.

संगनमत गुपचूप होते, विलीनीकरण मात्र उजळ माथ्याने होते. म्हणूनच तेथे पहारा आधी हवा. १९६९ च्या मक्तेदारी कायद्यात तो होता. उद्योगाच्या निव्वळ आकारालाच तो कायदा बिचकत असे, हा त्याचा दोष. १९९१ मध्ये ती कलमे गळाली. नव्या कायद्यातील विलीनीकरणाची कलमे १ जून २०११ रोजी अमलात आली. मधली वीस वर्षे हे दार जवळजवळ सताड उघडे होते.

आज पहारा आहे, पण तो सर्वांना अडवीत नाही. मार्च २०२२ मध्ये पीव्हीआर व आयनॉक्स यांनी एकत्र येण्याचे जाहीर केले. दोहोंचे मिळून १,५४६ पडदे. मुंबई-पुण्यातील किती कुटुंबांचा रविवार त्यांवर अवलंबून असतो, हे वाचकांस सांगावयास नको. विलीन होणाऱ्या कंपनीची देशातील उलाढाल एक हजार कोटींहून कमी असल्यास पूर्वपरवानगी नको, अशी तेव्हा सवलत होती. महामारीने चित्रगृहे बंद पडली होती, त्यामुळे उलाढाल त्या रेषेखाली आली. वस्तुतः महामारीपूर्वी ती रेषेच्या कितीतरी वर होती. एका ग्राहक संस्थेने तक्रार केली; जे अद्याप घडलेले नाही त्याच्या केवळ भीतीवरून चौकशी करता येत नाही, असे सांगून आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती निकालात काढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले.

सप्टेंबर २०२४ पासून दोन हजार कोटींहून अधिक मोलाच्या व्यवहारास, कंपनीचा भारतात पुरेसा कारभार असल्यास, उलाढालीची सवलत मिळत नाही. आणि आयोगाने १५० दिवसांत निर्णय द्यावयाचा आहे. सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु त्याहून लहान व्यवहारांत एकाच वाईट वर्षाचे ताळेबंद पाहून दार उघडण्याची रीत तशीच राहिली आहे. तेथे निदान मागील तीन वर्षांची सरासरी धरावी, अशी आमची सरकारला सूचना आहे. ती अमलात आणण्यास कायदाच बदलावा लागेल. केवळ अधिसूचना पुरणार नाही.