रायफलची जडणघडण : साडेतीन किलोची रेषा

बायॅथलॉनच्या रायफलचे वजन साडेतीन किलोपेक्षा कमी असून चालत नाही. आपल्याकडे परिचित असलेल्या १० मीटर एअर रायफलला साडेपाच किलोची कमाल मर्यादा आहे. इथे उलट, किमान मर्यादा. कारण ही रायफल पाठीवर घेऊन स्कीवरून पळायचे असते. पुरुषांच्या वैयक्तिक शर्यतीत २० किलोमीटर, आणि मध्ये चार वेळा थांबून पाच-पाच गोळ्या. हार्नेस व साइट या वजनात धरतात. मॅगझिन आणि गोळ्या धरत नाहीत. साडेतीनच्या वरचा प्रत्येक ग्रॅम चढावर दमवतो.

वजन उतरवायला घेतले की पहिला हात स्टॉकवर पडतो, आणि तिथेच पदरी फारसे पडत नाही. अक्रोडाच्या लाकडाची घनता साधारण ०.६५. १०० घन सेंटीमीटर लाकूड तासले, म्हणजे चांगला ओंजळभर भुसा पडला, तरी जातात जेमतेम ६५ ग्रॅम. पोलादाची घनता ७.८५. बॅरलचा बाहेरचा व्यास १८ मिलिमीटरवरून १६ वर आणला, तर दर १० सेंटीमीटर लांबीमागे सुमारे ४२ ग्रॅम निघतात.

पण बॅरल ही लेथवर बिनधास्त चढवण्याची वस्तू नाही. बटन पद्धतीने आतल्या सर्पिल खाचा पाडलेल्या बॅरलच्या धातूत ताण साठलेला असतो. बाहेरचा थर निघाला की ताण मोकळा होतो आणि त्या जागी आतला व्यास किंचित वाढतो. हे तोंडाजवळ झाले तर शिशाची मऊ गोळी शेवटच्या क्षणी सैल पडते आणि ग्रुप पसरतो. बाहेरून उभ्या खाचा पाडल्याने बॅरल अधिक ताठ होते, असे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. धातू काढल्यावर बॅरल मूळच्यापेक्षा लवचीकच होते. तेवढ्याच वजनाच्या साध्या, बारीक बॅरलपेक्षा मात्र ती ताठ राहते.

टायटॅनियमच्या स्क्रूंबद्दल एका वाचकाने विचारले आहे. ५० ग्रॅमचे पोलादी स्क्रू बदलले तर वीसएक ग्रॅम वाचतात. खर्चाच्या मानाने हा शेवटी करायचा उद्योग.

खरा प्रश्न ग्रॅम कुठून काढायचे हा आहे. पाठीवर असताना ५० ग्रॅम तोंडाकडचे की दस्त्याकडचे, याने फार बिघडत नाही. उभ्याने नेम धरताना बिघडते. पावणेचार-चार किलोच्या रायफलमध्ये तोलबिंदूच्या अर्धा मीटर पुढून ५० ग्रॅम गेले, तर तोल जवळजवळ ७ मिलिमीटर मागे सरकतो. मग धापा टाकणाऱ्या छातीबरोबर बॅरलचे तोंड वर-खाली होऊ लागते आणि वाऱ्याची झुळूकही जाणवते. पडून मारायचे लक्ष्य ४५ मिलिमीटरचे, उभ्याने मारायचे ११५ चे. तरीही चुका उभ्यानेच जास्त होतात. म्हणून पुढून काढले तेवढ्याच प्रमाणात मागूनही काढावे लागते. बट-प्लेटचे भाग आणि स्टॉकच्या मागच्या भागातले लाकूड त्यासाठीच राखून ठेवायचे.

ट्रिगरमध्ये वजन वाचवण्याजोगे काही नाही. ओढ मात्र किमान ५०० ग्रॅमची असावीच लागते.

नवशिक्याने साडेतीनची रेषा गाठण्याचा हट्ट धरू नये. चार किलोची, नीट तोललेली रायफल त्याच्या जास्त उपयोगाची.