मेंदूवर साकळलेले रक्त की पसरलेला कर्करोग?

घरातल्या ज्येष्ठांचे डोके सारखे दुखू लागते, बोलण्यात गोंधळ होतो, एका बाजूच्या हातापायातली ताकद कमी होते. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आतून चंद्रकोरीसारखा थर दिसतो आणि मेंदूवर रक्त साकळल्याचे सांगितले जाते. बहुतेक वेळा ते खरेच असते. उतारवयात न्हाणीघरात घसरून लागलेला किरकोळ मारही काही आठवड्यांनी असा त्रास देतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक.

पण क्वचित तो थर कर्करोगाचा असतो. मेंदूभोवती तीन आवरणे असतात. त्यांतले सर्वांत बाहेरचे, कवटीलगतचे जाड आवरण म्हणजे ड्युरा. स्तन, प्रोस्टेट किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे किंवा कवटीच्या हाडातून तेथे पोहोचतात आणि आवरण जाड होते. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे जाड आवरण साकळलेल्या रक्तासारखेच दिसू शकते. कधी तर कर्करोगही असतो आणि त्यामुळे झालेला रक्तस्रावही.

दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. साकळून पातळ झालेले रक्त कवटीला छिद्र पाडून काढता येते. घट्ट गाठ तशी निघत नाही. तिच्यासाठी रेडिएशन, औषधे किंवा मोठी शस्त्रक्रिया लागते.

डॉक्टरांना शंका येते ती अशा वेळी:

• डोक्याला मार लागलेला नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही नाहीत.
• पूर्वी कर्करोग झाला होता.
• थर ओबडधोबड आहे किंवा लगतच्या हाडात बदल दिसतो.

मग कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करतात. पक्के निदान तुकडा तपासल्यावरच होते.

यातली दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे. आपल्याकडे कर्करोग बरा झाला की त्याचे नावही घरात काढत नाहीत. मुले परगावी असतात. ऐनवेळी दवाखान्यात नेणाऱ्या सुनेला किंवा शेजाऱ्यांना काकूंचे जुने ऑपरेशन ठाऊकच नसते. म्हणून जुनी फाईल, औषधांची यादी आणि आजाराचे नाव एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरात सर्वांना सांगा. आजार दहा वर्षांपूर्वीचा असला तरी डॉक्टरांपासून लपवू नका. आणि वरची लक्षणे दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.