बिनब्रँडची कार्बन फ्रेम आणि डहाणूची खारी हवा

चीनमधल्या शियामेनहून बिनब्रँडची कार्बन फ्रेम मागवून रोड बाईक जुळवताय? रंगाआधी बघा, ३२ मिमी टायर बसतो का. पावसाळ्यानंतर तलासरी-उधवा रस्त्याला २५ मिमी पुरत नाही. बॉटम ब्रॅकेट आट्यांचाच घ्या, प्रेस-फिट पुढे कुरकुरतो. बीएसए प्रकारचे आटे असतील तर उजव्या बाजूचे उलटे असतात, जोर लावण्याआधी आठवा.

डहाणू-बोर्डी किनाऱ्यावर खरी डोकेदुखी वेगळीच. खाऱ्या हवेत कार्बनला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि सीटपोस्ट फ्रेममध्ये जाम होतो. कार्बन पेस्ट लावा, अधूनमधून काढून पुसा. फोर्कच्या कार्बन नळीत स्टार नट ठोकू नका, एक्स्पांडरच हवा. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, साधारण ५ न्यूटन-मीटर; स्टेमवर छापलेला आकडा अंतिम. कस्टम ड्युटी धरूनच 'स्वस्त' म्हणा बरं!