पायाचं पाखरू

वीतभर लांबीची, एका टोकाला तासलेली बांबूची खुंटी, तिच्या माथ्याशी गुंफलेला घोड्याच्या शेपटीच्या केसांचा दुपेडी गोफ आणि त्या गोफाला मारलेली एक सरकगाठ, एवढाच ज्याचा सारा संभार, तो फासेपारध्याचा फास तळहातावर ठेवला असता त्याचे वजन म्हणून जाणवत नाही. आणि ज्या वस्तूवरून एका संपूर्ण जमातीला नाव मिळाले ती वस्तू इतकी क्षुल्लक असावी, याचे मला प्रथम नवल वाटले. येवल्याहून नांदगावच्या अंगाने जाताना राजापूर-ममदापूरच्या आसपास जो उघडा, खडकाळ, कुसळी गवताचा माळ लागतो, आणि ज्याचा काही भाग आता काळविटांसाठी राखीव आहे, त्याच्या काठच्या एका वस्तीवर ऐंशीच्या घरातल्या एका वृद्ध पारध्याने अशा चाळीस फासांची माळ पत्र्याच्या पेटीतून काढून आमच्यापुढे ठेवली. आम्ही तिघे होतो: आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेला मी, तरुणपणी परवान्याची बंदूक बाळगून शिकार केलेले माझे एक वकील स्नेही, आणि त्या बाजूचा एक तरुण वनरक्षक. दुसऱ्या दिवशी पहाटे माळावरचे तित्तर आवाजावरून मोजावयाचे होते, आणि वनरक्षकाच्या मते त्या कामी या म्हाताऱ्याच्या कानाइतका विश्वासाचा कान पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

"ह्याला हात लागून वीस वर्सं झाली, मास्तर," म्हातारा म्हणाला. पण हे बोलताना त्याची नजर माझ्याकडे नव्हती, वनरक्षकाकडे होती. तो पोर हसला आणि त्याने मान दुसरीकडे वळविली.

केसच का, तार का नाही, असे मी विचारताच त्याने एक फास बोटावर उभा करून दाखविला. केसाला आपला ताठपणा असतो, त्यामुळे कडे जमिनीवर चार बोटे उभे राहते. तो उन्हात चमकत नाही. आणि पाखराचा पाय त्यात आवळला तरी कापत नाही. मग अंगणाच्या कडेला, जेथे शेणकईचा ढीग आणि भिंत यांच्यामध्ये हातभर रुंदीची वाट राहिली होती, तेथे त्याने दहाबारा खुंट्या टाचेने मातीत दाबल्या, कडी एकमेकांना खेटून उभी केली आणि वर चिमूटभर काडीकचरा भुरभुरला. आम्ही दोन पावले मागे सरलो तेव्हा ती रांग आहे हे ठाऊक असूनही मला दिसेना.

तित्तर धरण्याची सारी विद्या या पक्ष्याच्या एका स्वभावावर उभी आहे. धोका दिसला की तो प्रथम पळतो. अगदीच अंगावर आले तरच फडफडाट करीत उठतो, शंभर-दोनशे हातांवर पुन्हा झुडपात उतरतो आणि पुन्हा पळू लागतो. "ते पायाचं पाखरू हाये. पंख त्याला देवानं घाबरायपुरते दिलेत," असे म्हाताऱ्याने सांगितले. म्हणून पारधी त्याच्या मागे धावत नाही. बांधाच्या कडेने, बोरीबाभळीच्या कुंपणाखालून तित्तरांची जी नेहमीची वहिवाट असते तिच्या तोंडाशी तो फास मांडतो आणि दूरचा वळसा घालून, रमतगमत, गुरे वळणाऱ्यासारखा मागून येतो. गायपारधी तर शिकविलेली गाय पुढे घालून तिच्या आडून चालत, कारण गुराला तित्तर भीत नाही. थव्यातला एकेक पक्षी मान खाली घालून चालत राहतो, आणि ज्याचा पाय कड्यात पडला तो थांबतो. याशिवाय पिंजऱ्यात पाळलेला बोलका नर माळावर नेऊन ठेवावयाचा, त्याच्या आव्हानाने चिडून हद्दीचा मालक धावत येतो तेव्हा पिंजऱ्याभोवती फास तयारच असतात. आणि असा नर जवळ नसेल तर पारध्याचा स्वतःचा गळा असतोच.

हे निरूपण चालू असतानाच घरची एक तांबडी कोंबडी, आपल्या नित्याच्या मार्गाने, भिंत आणि ढीग यांच्यामधून निघाली व चौथ्या खुंटीशी अडली. तिचा उजवा पाय धरला गेला होता. तिने एक झटका दिला, गाठ सरकली, आणि मग ती ओरडण्याचेही विसरून उभी राहिली. म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून हात लांबवून नखाने गाठ मागे ओढली, कोंबडी सुटली आणि आतून नातसुनेचा आवाज आला, "बाबा, तिला अंड्यावर बशिवायचीय!"

वकिलांना मात्र हा प्रकार रुचला नाही. पंचाहत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ शिकारीकडे एक शिस्तबद्ध खेळ म्हणून पाहत आलेले. जमिनीवरच्या पक्ष्यावर कधीही बार टाकावयाचा नाही, उडालेल्यावरच टाकावयाचा, विणीच्या दिवसांत बंदुकीला तेल लावून ठेवून द्यावयाची, हा त्यांचा शिरस्ता होता. फासात पक्ष्याला संधी कोठे, असा त्यांचा आक्षेप. म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला आणि मग अत्यंत सौम्यपणे म्हणाला, "वकीलसायेब, बंदुकीनं पाडल्यालं परत सोडता येतं का?"

या एका प्रश्नाने वादाचे पारडे फिरले, असे मला तेव्हा वाटले. फासात जिवंत सापडलेल्या पाखरात निवड करता येते. पोटाखालची पिसे झडून कातडी उघडी पडली असेल तर मादी अंड्यांवर बसलेली आहे, ती सोडावयाची; पिल्ले बरोबर असतील तर रांग उचलावयाची; पावसाळ्यात माळाला हात लावावयाचा नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा जो अभ्यास केला त्यातही हेच आढळते: फासेपारधी हरणे आणि तित्तर-लावे धरीत, नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर यांच्या मागे जात, वैदू मुंगूस, रानमांजर यांच्यासारखे लहान प्राणी पकडीत; एकाच माळावर राहूनही त्यांची शिकार निरनिराळी असे, आणि फासात आलेली गाभण हरिणी किंवा पाडस सोडून देण्याची पारध्यांची रूढी होती.

तथापि केवळ रूढीवर विसंबून निवाडा देणे मला प्रशस्त वाटेना. घरात दोन दिवस चूल पेटली नसेल तर अंड्यांवरची मादी सुटत होती काय, असे मी स्पष्ट विचारले. म्हाताऱ्याने उत्तर टाळले नाही. धाबे झाले, त्यांच्याकडून डझनाच्या मागण्या येऊ लागल्या, केसांच्या फासाच्या जागी नायलॉनचे जाळे आले, आणि जाळ्यात नर-मादी-पिल्लू एकदमच गुंडाळले जाते, तेव्हा "कोण मोजतं?" हे त्याचेच शब्द. त्या जाळेवाल्यांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता, हे त्याने नंतर, वकील पाणी प्यावयास उठले असता, हलक्या आवाजात सांगितले.

सरकारदरबारी या प्रश्नाचा इतिहास वेगळ्याच दप्तरांत विखुरला आहे. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना पक्ष्यांसाठी बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार दिला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा वन्यपशु-पक्षी संरक्षणाचा कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय कायद्यात तित्तर-लावे चौथ्या अनुसूचीत पडले, आणि त्यात लहान शिकारीचा परवाना जसा होता तसा प्राणी सापळ्यात धरण्याचाही परवाना होता, जो मागावयास एकही पारधी कचेरीत गेल्याचे आमच्या म्हाताऱ्याच्या ऐकिवात नाही. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांचे ते प्रकरणच मिटले. आता कायद्याच्या व्याख्येत फास लावणे, जाळे टाकणे, हाकणे, आमिष दाखविणे, इतकेच काय पण घरट्यातील अंडी हलविणे, हे सारे शिकारच होय. बंदूक आणि फास यांच्यातला वकिलांचा व म्हाताऱ्याचा कज्जा कायद्याने असा एका फटक्यात निकालात काढला. परंतु या निकालाने वकिलांची बंदूक तेवढी खुंटीला लागली, म्हाताऱ्याची उपजीविका गेली. आणि ज्या समाजावर १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यापासून १९५२ पर्यंत जन्मतःच गुन्हेगारीचा छाप मारलेला होता, त्याच्या घरी पोलीस येण्यास तेव्हापासून तित्तराचे एक पीसही पुरेसे झाले. बंदी नको होती असे मी म्हणत नाही. जाळे आणि धाबा यांच्या जोडीपुढे दुसरा कोणताही उपाय टिकला नसता.

शिकार केव्हा आणि कशी करावी, हाच वाद सध्या अमेरिकेत टर्कीवरून जोरात चालू आहे. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला जो विलक्षण पक्षी पाहून जहांगीर बादशहाने आपल्या रोजनिशीत त्याचे वर्णन केले आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढविले, तोच हा पक्षी. त्याच्या मायदेशी विसाव्या शतकाच्या आरंभी तो अनेक राज्यांतून समूळ नाहीसा झाला होता. पुढे उरलेल्या रानांतले टर्की अग्निबाणांनी फेकल्या जाणाऱ्या जाळ्यांत जिवंत धरून दुसरीकडे सोडण्यात आले. बंदुका व दारूगोळा यांवरील अबकारी कराचा, १९३७ पासून वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला पैसा या कामी आला, आणि त्यांची संख्या साठ लाखांच्या वर गेली. आता ती कित्येक राज्यांत पुन्हा घसरत आहे. हंगाम मादी अंड्यांवर बसण्यापूर्वीच उघडतो म्हणून की काय, नकली पक्षी मांडून नराला भुलविणे फार सोपे झाले म्हणून की काय, का रानच बदलले, यावर तेथील शिकारी आणि शास्त्रज्ञ भांडत आहेत. अलाबामा राज्याने तर २०२२ मध्ये हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत नकली पक्षी वापरण्यास मनाई केली. मी हे सांगितले तेव्हा म्हाताऱ्याला बाकीच्या गोष्टींचे काही वाटले नाही. धरून दुसरीकडे सोडले, एवढ्याच गोष्टीवर तो अडला. "सोडायसाठी धरत्यात? पैसं मिळत्यात त्याचं?" मिळतात, असे मी म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही.

ज्याला या पक्ष्याचे झोपणे, चालणे आणि चिडणे ठाऊक आहे त्याला पगारावर कामाला लावावे, हा विचार आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असे नव्हे. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी असूनही पक्ष्यांची नावे व सवयी विचारण्यासाठी पारधी आणि आदिवासी यांच्याजवळ जाऊन बसत. अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांनी स्वतःच गवताळ माळ राखून त्यावरचे पक्षी मोजण्याचा उद्योग आरंभिला. नाशिक जिल्ह्यात मात्र सारे कौतुक पाण्याकडे गेले. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरला १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत महाराष्ट्रातून प्रथम त्याचेच नाव गेल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. हिवाळ्यात तेथे दुर्बिणींची जत्रा भरते, आणि ती भरावी. पण तित्तर पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून गाडी करून येणारा मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे.

आणि तित्तर गेला तो मुख्यतः फासाने गेला नाही, अशी माझी आता खात्री होत चालली आहे. तो रात्री बाभळी-बोरीच्या काटेरी फांद्यांत झोपतो, अंडी झुडपाच्या मुळाशी उकरलेल्या खळगीत घालतो, आणि वाळवी, किडे, गवताचे बी यांवर जगतो. बांधावरची बोरीबाभळीची कुंपणे काढून तारा ओढल्या, की त्याचा पलंग आणि बाळंतिणीची खोली एकदमच मोडते. गायराने नांगरली गेली, जेसीबीने टेकाडे सपाट झाली, बाजरीच्या जागी मका आणि कांदा आला, तणनाशकाने बांधही स्वच्छ झाले. वर वस्त्यावस्त्यांवरची मोकाट कुत्री. यातील एकही कृत्य कायद्याच्या व्याख्येत शिकार ठरत नाही, आणि ज्यांनी ही कृत्ये केली त्यांत माझे सख्खे चुलतभाऊ आहेत, त्यांनाही पोट आहे.

पहाटे साडेपाचला आम्ही माळावर पांगलो. वकील गाडीपाशीच राहिले. म्हातारा घोंगडी पांघरून एकटाच टेकाडाच्या पलीकडे गेला. मी व वनरक्षक एका पाझर तलावाच्या बांधावर, मांडीवर वही घेऊन बसलो. झुंजुमुंजू होईपर्यंत टिटवीखेरीज काही बोलले नाही. मग तलावाच्या खालच्या अंगाने, जेथे एका जुन्या विहिरीभोवती बोरीचे रान उरले आहे, दोनतीन अडखळते स्वर आले आणि पाठोपाठ तो खणखणीत "क-ती-तर, क-ती-तर". वनरक्षकाने दिशा आणि वेळ लिहिली. दुसरा उत्तरेकडून. मग दहा मिनिटे शांतता, इतकी की मी वही मिटावी म्हणत होतो, तोच टेकाडाच्या बाजूने तिसरा, सर्वांत तडफदार आवाज उठला, आणि त्याला जणू डिवचल्यासारखे आणखी दोघांनी, एकाने अगदी जवळून, प्रत्युत्तर दिले. सूर्य वर येईतो पुन्हा काही नाही. वनरक्षकाने बेरीज मांडली: पाच.

म्हातारा धोतर दंवाने भिजवून परत आला. बेरीज ऐकून त्याने मान हलविली.

"चार लिवा, भाऊसायेब. टेकाडावरला मी व्हतो. त्ये दोघं गप बसले व्हते, त्यांना बोलतं करायला वराडलो."

वनरक्षकाने पाचावर काट मारून चार लिहिले. पेन्सिल मग शेऱ्याच्या रकान्यावर येऊन थांबली. त्याने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि तो रकाना कोरा सोडून वही मिटली.