जुना वाडा उतरवताना

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. घर पाडायलाही अक्कल लागते, हे मात्र कोणी सांगत नाही. मी लातूर जिल्ह्यातला, शिक्षणासाठी नांदेडला आलेला. दोन्हीकडे माळवदाचे जुने वाडे उतरवताना मी पाहिले आहेत. सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी, घडीव काळा दगड यांना चांगली किंमत येते. पांढरी मातीही शेतात जाते. वाया काही जात नाही, ही मोठी चांगली गोष्ट आहे. पण खरा धोकाही येथेच आहे. वाड्यात ज्याला मोल जास्त, त्याच्यावरच भारही जास्त असतो.

थोडा हिशेब करू. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीचा मातीचा थर म्हणजे १०० घनफूट माती. तिचे वजन चार टनांहून अधिक भरते. पावसात भिजली की आणखी वाढते. हा सारा भार कडीपाटावरून तुळईवर आणि तुळईवरून खांबांवर येतो. गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून खांब किंवा तुळई आधी काढली, तर ती माती कोणाच्या डोक्यावर येणार, हे सांगायला नको.

भिंतीही फसव्या असतात. दोन-अडीच फूट जाड भिंत भक्कम वाटते. प्रत्यक्षात बाहेरून व आतून दगडांचे दोन पदर आणि मध्ये माती-कपच्यांची भर असते. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसले, तर एक पदर अचानक सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे घेतली, ती मुख्यतः अशाच भिंतींखाली आणि मातीच्या छतांखाली.

म्हणून क्रम बांधण्याच्या उलट हवा. प्रथम वीज तोडावी. छतावरची माती थोडी थोडी खाली न्यावी; मधल्या मजल्यावर तिचा ढीग करू नये. नंतर फळ्या, कड्या, मग टेकू देऊन तुळया, आणि शेवटी खांब. भिंत वरून थराथराने उतरवावी. पायथा पोखरून ती कधीही ढकलू नये. भारतीय मानक ब्यूरोची इमारती पाडण्याविषयीची संहिता, आय. एस. ४१३० (१९९१), हिचाही रोख वरून खाली येण्यावरच आहे. फुगलेल्या भिंतीखाली कोणी उभे राहू नये. धुळीसाठी पाणी शिंपडावे, पण बेताने. मातीतली भिंत भिजली की सुटते.

काढलेला मालही पारखून घ्यावा. तुळई ठोकून पाहावी; पोकळ आवाज आला तर आत वाळवी समजावी. जुना दगड पुन्हा रचताना आरपार दगड घालावेत, म्हणजे जुना दोष नव्या घरात येणार नाही.

हे सारे करायला चार दिवस जास्त लागतात. वाडा ठोक भावाने उतरवायला दिला की तेच चार दिवस आधी कापले जातात आणि त्यांची जोखीम रोजंदारीवरचा मजूर उचलतो. तेव्हा सौदा करताना मालकाने लाकडाच्या भावाबरोबर या चार दिवसांची मजुरीही धरावी, एवढेच माझे म्हणणे आहे.