मागणारे वाढले की पुरवठाही वाढतो

पाणवठ्यावर घागरी वाढल्या की प्रत्येकीस खोळंबावे लागते. संगणकांच्या जाळ्यावरही हेच घडे. मोठी फाइल एका मध्यवर्ती संगणकावर असे आणि मागणारे वाढताच तो संगणक थकून जाई. अमेरिकेतील ब्रॅम कोहेन या आज्ञावलीकाराने हा हिशेब उलटा केला.

१९७५ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या कोहेन यांनी विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून निरनिराळ्या संगणक कंपन्यांत नोकऱ्या केल्या. २००१ साली नोकरी सोडून त्यांनी 'बिटटॉरेंट' ही पद्धती तयार केली. तीत फाइलचे लहान तुकडे केले जातात. ज्यास एक तुकडा मिळाला, तो लगेच इतरांस देऊ लागतो. म्हणजे घेणारा देणाराही होतो. जो तुकडा थोड्यांकडे आहे तो आधी मागवावा आणि जो देतो त्यास आधी द्यावे, असे तिचे दोन नियम होत. फुकट्यास रांगेत मागे ठेवणारा दुसरा नियम हीच खरी करामत. प्रत्येक तुकड्याची खूण ताडून पाहिली जात असल्याने भलता तुकडा खपत नाही.

मुक्त आज्ञावलींच्या वाटपास ही पद्धती फार उपयोगी पडली. परंतु चित्रपटांच्या अनधिकृत प्रतीही तिच्यातूनच पसरल्या. २००४ साली कोहेन यांनी कंपनी काढली व २००५ मध्ये आपल्या शोधयादीतून अशा प्रती वगळण्याचा करार अमेरिकी चित्रपट संघटनेशी केला. पद्धती सर्वांस खुली असल्याने इतरत्र चालणारे व्यवहार थांबविणे मात्र कंपनीच्या हाती नव्हते. ही कंपनी २०१८ मध्ये विकली गेली. तत्पूर्वीच, २०१७ साली, कोहेन यांनी 'चिया' ही अंकीय चलनाची कंपनी स्थापन केली होती. विजेचा मोठा खर्च टाळण्यासाठी तीत संगणकांतील रिकामी साठवणजागा कामास लावली जाते.